जबाबातला एक शब्द

डोरथी आंटी त्या दिवशी इस्पितळात आली नसती, तर एकवीस माणसं माझ्या एका शब्दामुळे तुरुंगात गेली असती. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांना मी तेव्हाच सांगितलं. बाकीच्यांसाठी आता लिहितेय, कारण ज्यांचे उपकार झाले त्यांची नावं कुठल्याच सरकारी कागदावर आलेली नाहीत.

मी किशोरी. माहेर वालावलचं, भातशेती आणि काजूचं घर. समुद्राशी आमचा संबंध बाजारातून आणलेल्या तारल्यांपुरता. परीक्षा दिली, नोकरी लागली आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासेमारीचे परवाने तपासायचं काम माझ्याकडे आलं. तीन वर्षांत होड्यांचे प्रकार पाठ झाले, जाळ्यांची नावं पाठ झाली. पण जाळं भर समुद्रात पाण्याखाली कसं वागतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कागदावरचं जाळं मला चांगलं ओळखता येत होतं, इतकंच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ झालं. आमच्या होड्या दोन दिवस आधीच आत आल्या होत्या. वादळ उत्तरेला सरकलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तटरक्षक दलाच्या जहाजानं दोन परदेशी मच्छीमार होड्या ओढत आणल्या. वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ, किनाऱ्यापासून जेमतेम सात सागरी मैलांवर त्या सापडल्या होत्या. बारा मैलांच्या आत आपली हद्द. परवानगीशिवाय परदेशी होडी तिथं आली तर ती अडवायची, आणि तिनं तिथं मासे मारले असतील तर होडी जप्त आणि माणसांवर खटला, असा कायदा.

त्या होड्या कुठल्या देशाच्या ते मी लिहीत नाही. समुद्रापलीकडचा एक देश, एवढं पुरे. ज्यांनी प्रकरण मिटवलं त्यांच्या कामात अजून अशा फायली आहेत.

बंदरात पाणी उथळ, मोठं जहाज आत येत नाही. शेवटचा पल्ला बाबली तांडेलांच्या होडीनं दोर घेतला आणि दोन्ही होड्या धक्क्याला लावल्या. बाबलीकाका म्हणजे इथल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. साठीचे, उंच, कमी बोलणारे. दोर बांधून झाल्यावर ते एक शब्द न बोलता निघून गेले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

एका होडीचं इंजिन पार बंद पडलेलं, दुसरीचं अर्धवट चालणारं. एकवीस माणसं धक्क्यावर ओळीनं बसवली होती, अंगावरचं मीठ वाळून पांढरं झालेलं. पोलीस, सीमाशुल्कवाले, तटरक्षक दल, सगळे आपापले कागद भरत होते. मासेमारीबद्दलचा जबाब माझ्याकडे. दोन्ही होड्यांचा मुख्य नाखवा जासिम, पन्नाशीचा माणूस, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. भाषा अरबी. मुंबईहून एक दुभाषे फोनवर दिले होते. वारा एवढा की फोन कानाला लावून दोघांनी आळीपाळीनं ओरडायचं.

मी विचारलं, "जाळं पाण्यात सोडलं होतं का?"

दुभाष्यांनी विचारलं. जासिमनं मान हलवली, काहीतरी लांबलचक बोलला, पलीकडून आवाज तुटला, पुन्हा आला. "हो म्हणतोय. जाळं सोडलं होतं."

मी लिहिलं : 'मासेमारीसाठी जाळे पाण्यात सोडल्याचे त्यांनी मान्य केले.'

आधीच्या वर्षी आम्ही परराज्यातल्या ट्रॉलरांवर कारवाई केली होती, तेव्हाच्या सगळ्या जबाबांत हेच वाक्य होतं. हात आपोआप चालला. जासिमनं खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर दीडेकशे मच्छीमार जमले. पुढे बाबलीकाका.

"आमच्या पोरांक सोडल्याशिवाय ह्यो होड्यो आमी हलूक देवचंव नाय!"

तेव्हा मला कळलं. बाबलीकाकांचा मुलगा ओमकार एका मालवाहू जहाजावर इंजिनात काम करायचा. चार महिन्यांपूर्वी ते जहाज त्याच देशाच्या हद्दीत शिरलं म्हणून अडवलं होतं. सहाजण त्यांच्या ताब्यात. जहाजाचा मालक फोन उचलत नव्हता. दोन आठवड्यांतून एकदा दोन मिनिटं बोलायला मिळायचं, आणि त्यातही ओमकार "बरो आसंय" एवढंच सांगायचा.

आमचे साहेब, आरोलकर, संध्याकाळी मला म्हणाले, "किशोरी, तुझा जबाब दिल्लीला गेलाय. दोन्ही देशांचं बोलणं सुरू झालंय. त्यांची वकिलात म्हणते, संकटात सापडून आत आले, माणुसकी म्हणून सोडा. आपले लोक म्हणतात, नाखव्यानंच कबूल केलंय मासे मारत होते म्हणून. आता त्यांच्याकडच्या आपल्या सहाजणांचा विषय काढायला जागा झाली. चांगलं काम केलंस."

मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी जासिमचा हात सुजून कोपरापर्यंत लाल झाला. पोलीस त्याला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. ओळखीची म्हणून मला बरोबर जायला सांगितलं. डॉक्टर तरुण होते. कुठली औषधं चालत नाहीत, आधी काय आजार होते, विचारणार कसं? दुभाष्यांचा फोन लागेना. तेव्हा तिथली एक नर्स म्हणाली, "डोरथीबायक बोलवा. ती कुवेताक होती."

डोरथी आंटी अर्ध्या तासात चालत आली. चर्चच्या मागच्या वाडीत राहते, सत्तरीला आलेली, पांढरे केस कातरलेले, सुती झगा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तेवीस वर्षं कुवेतच्या इस्पितळात तिनं जखमा बांधल्या होत्या. आत येताच तिनं आधी हात धुतले, मग जासिमच्या खाटेवर बसली आणि अरबीत काहीतरी म्हणाली. तो माणूस चार दिवसांत पहिल्यांदा हसला. मग रडला. आंटीनं त्याला रडू दिलं आणि फडकं सोडायला घेतलं.

तळहातावर आडवी, खोल जखम होती. साफ करताना ती त्याच्याशी बोलत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"गो बाय, तुमी ह्येंका मासे मारल्यानी म्हणान धरलास?"

"होय आंटी. तेनीच सांगल्यान, जाळा सोडला म्हणान."

"जाळा सोडल्यानी ता खरा. पण कसा, ता विचारलंस?"

तिनं नवी पट्टी उलगडायला घेतली.

"ह्यो हात कशान कापलो ता विचारलंय तेका. म्हणता, दोरीन. नांगराची साखळी तुटली, एक इंजिन बंद, दुसऱ्याच्यान ओढणा होईना. खडकांवरची बत्ती दिसाक लागली आणि वारो थंयच ढकलीत होतो. मगे तेंनी जाळा गुंडाळल्यानी, तेच्यात दगड, लोखंड, गावला ता भरल्यानी, तोंड आवळून बांधल्यानी आणि दोरीक लावन खाली सोडल्यानी. नांगर म्हणान. होडी खडकार जावची नाय म्हणान. ती दोरी धरताना हात कापलो."

"मासे धरूक नाय?"

"असल्या वाऱ्यात मासे कोण धरतलो गो?"

तिनं ते रागानं विचारलं नाही. पट्टीचं टोक कात्रीनं कापत सहज विचारलं. दुभाष्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं : जाळं सोडलं होतं. 'मासेमारीसाठी' हा शब्द जासिमनं उच्चारला नव्हता. तो माझा होता.

मी तिथंच आंटीला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, जासिमला यातलं काही सांगितलं नाही. मला म्हणाली, "आता रडा नको. आता तेंचा जाळा बघूक जा. आणि कळता तसल्या माणसाक घेवन जा. तुका तेतूरला काय समाजता?"

कळणारं माणूस म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं. सारं बंदर ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवील असा एकच माणूस होता, आणि नेमका त्याचाच मुलगा तिकडे अडकला होता.

दुपारी चारला मी बाबलीकाकांच्या घरी गेले. ते घरापुढच्या खळ्यात बसून मोटारपंपाचा पट्टा बसवत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी वर पाहिलं नाही. पट्टा बसला, त्यांनी पाना खाली ठेवला.

"बाय, मी ता पयल्याच दिसाक बघलंय."

"काय?"

"दोर घेताना तेंच्या होडीर चढलंय मी. जाळा कोपऱ्यात पडलेला, तोंड बांधलेला. माका तेव्हाच समाजला. मी स्वतः असा केलंय, दोनदा."

"मगे सांगूक नाय तुमी?"

"कोणी विचारूक नाय." मग म्हणाले, "आणि विचारला असता तरी माझा तोंड उघडला नसता. माझो झील थंय आसा. ह्यो होड्यो हंय आसत म्हणानच दिल्लीवाले बोलतत. नायतर चार म्हयने कोण बोललो?"

ते म्हणत होते ते खरंच होतं.

सत्यवतीकाकी, त्यांची बायको, दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "त्या होडयेवरच्या माणसांका जेवाण कोण देता?"

"पोलीस देतत काकी. डाळ-भात, चपाती."

"पोटभर?"

"होय."

"मासे देतत?"

"नाय."

"दर्यावरची माणसां ती. मासळीशिवाय तेंच्या तोंडाक चव कशी येतली?" एवढं बोलून त्या आत गेल्या. मग आतूनच त्यांचा आवाज आला, नवऱ्याला उद्देशून, "ओमकाराक काय देतत, ता तुमी कधी विचारूक नाय."

बाबलीकाकांनी पाना पुन्हा उचलला. मी चहाचा पेला विसळून ठेवला आणि निघाले. येणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विश्रामगृहावर बैठक होती. दिल्लीहून परराष्ट्र खात्याच्या लिंगदोह मॅडम आल्या होत्या, मुंबईहून त्या देशाच्या वकिलातीतले नजफी. बैठक अकराला. मी साडेनऊलाच आरोलकर साहेबांना गाठलं. त्यांचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, ते म्हणतील, गप्प बस. पण ते म्हणाले, "चल. मी बरोबर येतो." मला एकटीला पाठवलं नाही, हे मी विसरणार नाही.

लिंगदोह मॅडम बारीक चणीच्या, चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. व्हरांड्यात बसून त्या फायली चाळत होत्या. आमचं बोलणं हिंदीत झालं, मी ते मराठीत लिहितेय. मी सांगत असताना त्यांनी फायलीतून माझा जबाब काढला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे?"

"हो मॅडम. यातला पहिला शब्द माझा आहे. त्याचा नाही."

"चार दिवस मी या वाक्यावर उभी राहून बोलतेय. माझ्या फायलीत यापेक्षा भक्कम काहीही नाही. तुम्हाला ठाऊक आहे का, त्यांच्याकडे आपली सहा माणसं आहेत?"

"त्यातल्या एकाच्या घरी मी काल चहा प्यायले."

त्यांनी चष्मा काढला. मी मनात म्हणत होते, आता ही बाई म्हणेल, आज बैठक होऊ दे, दुरुस्ती नंतर बघू. तसं म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"त्या जाळ्याबद्दल खात्रीनं कोण सांगू शकेल?" त्यांनी विचारलं.

"एकजण आहेत. येतील का ते माहीत नाही."

"बघा," त्या म्हणाल्या, "चुकीच्या वाक्यावर मी आज काही मिळवलं, तर उद्या ते उघडं पडतं. आणि मला तिकडे पुन्हा जायचंय. या सहाजणांसाठीच जायचंय. पुढच्या वेळी माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवायला हवा. चला, बैठक धक्क्यावर घेऊ."

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बाबलीकाका तिथं आधीच उभे होते. अंगावर धुतलेला सदरा. त्यांच्यामागे सोसायटीचे दहा-बाराजण, गोंधळलेले. अध्यक्षांनी आज घोषणा नाहीत असं सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. डोरथी आंटी छत्री घेऊन एका खोक्यावर बसली होती. जासिमला पोलिसांनी इस्पितळातून आणलं होतं.

नजफी सूट घालून आले होते, हातात जाड फाईल. तीन तास पुरेल एवढा युक्तिवाद तयार असणार. लिंगदोह मॅडमनी त्यांना बसायलाच दिलं नाही. म्हणाल्या, "आमच्या नोंदीत एक चूक आहे, अशी शंका आम्हाला आली आहे. आम्हीच शोधली, म्हणून आम्हीच दाखवतो. होडीवर चला."

पंचांसमोर होडीवरचं सील तोडलं. जाळं मागच्या कोपऱ्यात होतं, पोत्यांच्या ढिगासारखं. बाबलीकाका त्याच्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी आधी हात लावला नाही, फक्त दाखवलं. आंटी त्यांचं बोलणं अरबीत सांगत होती, आणि मी लिंगदोह मॅडमना हिंदीत.

"ही गाठ बघा. मासे धरूचा जाळा असा तोंड बांधून कोण टाकीत नाय, मासो आत जातलो खंयसून? हो चिखल बघा, काळो. खडकांच्या अलीकडे तळाक असो चिखल आसा, आमका म्हायत आसा. जाळा तळाक घासत गेला हां. आणि आतमदी..." त्यांनी गाठ सोडायला घेतली. मिठानं दोर आवळला होता, सुटेना. कुणीतरी कोयता पुढे केला, त्यांनी घेतला नाही. दातांनी ओढून, नखांनी उकलून त्यांनी ती गाठ सोडवली. जाळं उघडलं आणि आतून दगड घरंगळले, गंजका गिअर, लोखंडी कांबीचे तुकडे, एक फुटकी शेगडी.

शेगडी बघून मागचे मच्छीमारही पुढे सरकले. त्यातला एक हळूच म्हणाला, "शेगडी घातल्यानी म्हणजे होडयेत काय एक रवला नसतला."

जासिम काहीतरी बोलला. आंटीनं सांगितलं, "म्हणता, शेगडी शेवटाक टाकली. तेच्या नंतर होडी थांबली."

नजफींनी वाकून ती शेगडी उलटीसुलटी करून पाहिली. मग ते बाबलीकाकांकडे वळले आणि आंटीमार्फत म्हणाले, "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्या मोर्चाचे फोटो मी पाहिलेत. तरी तुम्ही ही गाठ सोडलीत."

बाबलीकाकांना लोक आपल्याकडे बघतायत हे आवडलं नाही. ते हात पुसत उठले. "मी दर्यावरचो माणूस. डोळ्यांनी बघलला ता नाय म्हणान कसा सांगू? झिलाचा वायला बोला, ह्येंचा वायला."

मुलाचं वेगळं बोला, यांचं वेगळं, असं आंटीनं नजफींना सांगितलं. नजफींनी छातीवर हात ठेवला, मान लववली.

तिथंच, होडीच्या कठड्यावर कागद ठेवून मी नवा जबाब लिहिला. यावेळी प्रत्येक ओळ आंटीनं जासिमला अरबीत सांगितली आणि त्यानं मान हलवल्यावरच मी पुढची लिहिली. दोन पानं भरली. जुन्या जबाबात काय चूक होती आणि कुणाची, तेही शेवटी लिहिलं आणि सही केली.

पुढचं काम कागदांचं होतं. न्यायालयाची परवानगी, दोन्ही बाजूंची पत्रं, तपासण्या. दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत वेंगुर्ल्यानं जे केलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. ज्यांनी होड्या हलू देणार नाही म्हणून घोषणा दिल्या होत्या, त्यांच्यातलाच धोंडू मिस्त्री पोलिसांची परवानगी काढून रोज इंजिनाकडे जाऊ लागला. एक सुटा भाग मिळेना, तर त्यानं जामसंड्याच्या आपल्या मेव्हण्याकडून मागवला. सोसायटीनं नवा नांगर दिला, साखळीसकट. सत्यवतीकाकी दिवसाआड मासळीचं कालवण पाठवायच्या, डबा धक्क्यावरच्या हवालदाराकडे द्यायच्या आणि तडक परत फिरायच्या. डोरथी आंटी रोज जासिमची पट्टी बदलायची. एकदा मी तिला म्हटलं, आंटी, तुझे उपकार कसे फेडू? ती म्हणाली, "उपकार बिपकार नको. ती कात्री दी हंय."

निघायच्या दिवशी सकाळी मी जासिमची माफी मागितली. ते आधीच करायला हवं होतं, धीर होत नव्हता. आंटी मध्ये उभी. मी म्हटलं, माझ्या एका शब्दानं तुम्हाला सगळ्यांना तुरुंगात घातलं असतं. त्यानं ऐकलं आणि आंटीला काही सांगितलं. आंटी हसली.

"म्हणता, बंदराबंदरात लिवणारे खूप बघले. लिवलेला खोडणारी पयलीच बघतंय."

दोन्ही होड्या ओहोटीपूर्वी निघाल्या. बाबलीकाका आपल्या होडीतून खडकांच्या पलीकडेपर्यंत त्यांच्या पुढे गेले, वाट दाखवायला. धक्क्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं उभी राहिली, होड्या दिसेनाशा झाल्यावर आपापल्या कामाला लागली.

मला लेखी ठपका मिळाला. तो मिळायलाच हवा होता. त्यासोबत लिंगदोह मॅडमचं एक पत्र फायलीला जोडलं गेलं, चार ओळींचं, चूक मी स्वतःहून सांगितली असं नोंदवणारं. आरोलकर साहेबांनी ते मला वाचायला दिलं आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ओमकारचं काय? लिंगदोह मॅडमनी बाबलीकाकांना कुठलंही वचन दिलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "मी प्रयत्न करते, एवढंच खरं सांगू शकते." डिसेंबरात त्या तिकडे गेल्या. कुठल्या खोलीत कोण काय बोललं हे आम्हाला कळणार नाही. नजफींनी तिकडच्या अधिकाऱ्यांना धक्क्यावरच्या त्या सकाळबद्दल लेखी कळवलं होतं, इतकं मात्र मॅडमनी नंतर फोनवर सांगितलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहापैकी चारजण सुटले. ओमकार त्यात होता. जहाजाचा कप्तान आणि एक अधिकारी अजून तिथंच आहेत. त्यांची सुनावणी चालू आहे. मॅडम मार्चमध्ये पुन्हा जाणार आहेत.

ओमकार घरी आला त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबलीकाका माझ्या कार्यालयात आले. दारात उभे राहिले, खुर्ची दिली तर बसले नाहीत. काहीतरी बोलायला आले होते आणि ते त्यांना जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, "बाय, रयवारी जेवूक ये. डोरथीबायकय सांगलंय."

रविवारी आम्ही दोघी गेलो. ओमकार वाळला होता, केस बारीक कापलेले. मोजकंच बोलला. आंटीनं त्याला तिकडच्या दोनचार शब्दांबद्दल विचारलं, त्याचे उच्चार ऐकून ती हसली, मग तोही हसला. तेवढ्यानं बाबलीकाका उठून खळ्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पानं मांडली. इस्वणाचं कालवण, तळलेले तुकडे, सोलकढी. सत्यवतीकाकी भात घेऊन आल्या आणि मुलाला ओलांडून पहिल्यांदा डोरथी आंटीला वाढलं, मग मला. मला फार अवघडल्यासारखं झालं.

"काकी, आधी ओमकाराक वाडा."

काकींनी माझ्या भातावर कालवण ओतलं.

"तेका आता रोज वाडूक गावतला," त्या म्हणाल्या. "तू जेव."